संध्याकाळ तुझी

प्रिय सोनू,

उद्यापासून संध्याकाळी खेळायला तू एकटी जायचं. मी सोबत येणार नाही आणि खिडकीतून लक्षही ठेवणार नाही. "मग तिथे मी काय खेळू?" असं तू विचारलंस. ते तू ठरव. पोहायला, चित्रकलेला जातेस तिथे केव्हा काय करायचं हे मोठी माणसं ठरवतात, हा वेळ तसा नाही. पहिल्यांदा कंटाळा येईल. येऊ दे, त्यातूनच काहीतरी सुचतं.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात सोरेनसन नावाचे एक वास्तुरचनाकार होते, बागा आणि खेळाची मैदानं आखायचे. त्यांच्या लक्षात आलं की मुलं नीटनेटक्या मैदानांपेक्षा बांधकामाच्या जागी, पडलेल्या सामानात जास्त रमतात. मग 1943 साली, महायुद्ध चालू असताना, एम्ड्रप भागात भंगाराचं मैदान सुरू झालं. घसरगुंडी नाही, झोपाळे नाहीत. फळ्या, विटा, अवजारं, माती. मुलांनी घरं बांधली, पाडली, पुन्हा बांधली. मला ही गोष्ट फार आवडते.

खेळताना भांडणं होतील. राज्य कुणावर, आउट झाला की नाही, धाकट्याला लिंबूटिंबू घ्यायचं का. मोठं माणूस शेजारी असलं की सगळे त्याच्याकडे धावतात. नसलं की तुम्हालाच मिटवावं लागतं, नाहीतर वाद घालता घालता अंधार पडतो आणि डाव राहूनच जातो. म्हणून तुमच्या भांडणात मी पडणार नाही. कुणी मारलं, धमकावलं किंवा घरी सांगू नकोस म्हणालं, तर मात्र ते भांडण नाही. ते लगेच मला सांगायचं.

झाडावर तू चढणारच. चढ. दोन हात, दोन पाय यांतले तीन कायम झाडाला घट्ट हवेत, एका वेळी एकच हलवायचा. वाळकी फांदी कड्कन मोडते, म्हणून भार टाकण्याआधी पायाने दाबून बघ. आणि आपलं आपण उतरता येईल तिथवरच जा.

उजेडात खेळणं डोळ्यांसाठीही चांगलं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या काही वर्गांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे 30 टक्के मुलांना लांबचं धूसर दिसू लागलं होतं, बाकीच्या वर्गांत सुमारे 40 टक्क्यांना.

मला खरी भीती रस्त्याची वाटते. इंग्लंडमध्ये 1971 साली सात-आठ वर्षांच्या दर 10 मुलांतली 8 मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची, 1990 मध्ये 10 तलं जेमतेम एक. का, तर आईवडिलांना गाड्यांची धास्ती. ती मलाही आहे, म्हणून तर खेळायला जाताना लागणारा रस्ता आपण इतक्यांदा मिळून ओलांडला आणि शेवटी तू पुढे, मी मागे असं केलं. उभ्या गाडीच्या आडून एकदम बाहेर यायचं नाही, कडेला थांबून दोन्हीकडे बघायचं. चेंडू रस्त्यावर गेला तर जाऊ दे, नवा आणू. ओळखीच्या माणसाबरोबरही मला विचारल्याशिवाय कुठे जायचं नाही.

गुडघा फुटला तर साबणपाण्याने धुऊन घे. कुणाला जास्त लागलं, तर खेळ थांबवून जवळच्या मोठ्या माणसाला हाक मार.

दिवेलागणीला घरी ये. काय खेळलीस म्हणून मी खोदून विचारणार नाही, सांगावंसं वाटलं तर सांग.

तुझी,
आई