बोगदा करा, पण आधी बोअरचा हिशोब लावा

संपादक साहेब, नमस्कार.

सिंहस्थ जवळ आला तसं आपल्या नाशकात जिकडे बघावं तिकडे खोदकाम आहे, त्यात गंगापूर धरण ते बारा बंगला जलशुद्धीकरण केंद्र ही शहराला पाणी आणणारी जुनी सिमेंटची पाइपलाइन बदलून लोखंडी टाकायचा विषय पण चालू आहे. त्यावरून आमच्या कट्ट्यावर रोज एकच वाद, की पाइप कशाला, मुंबईसारखा बोगदाच करून टाका ना एकदाचा, रस्ते फोडायची कटकट नाही आणि लाइन फुटायची भीती नाही.

कल्पना वाईट नाही, मला तर पटते. मुंबईत तानसाचं पाणी 1892 पासून येतंय, त्या मोठाल्या लाइन जमिनीवरून गेलेल्या, कडेला वस्त्या, कुठे गंज, कुठे गळती, कुठे भोक पाडून चोरी. मग त्यांनी पाणी खडकातून न्यायला सुरुवात केली. गुंदवली ते भांडुप 15 किलोमीटरचा बोगदा झाला, दुसरा अमर महालपासून वडाळा-परळकडे टीबीएमने, म्हणजे बोगदा खोदणाऱ्या मशीनने, दगड कापत नेला. दगड म्हणाल तर आपल्याकडे पण तोच काळा पाषाण, पांडवलेणी ज्यात कोरलीत तो, तिथे छिन्नी-हातोड्यावर काम झालं तर मशीनला काय अवघड. (अप्पर वैतरणाचं पाणी आपल्याच जिल्ह्यातून मुंबईला जातं, पण तो विषय काढला की पत्र संपायचं नाही.)

पण ठाण्यात काय झालं ते कट्ट्यावर कोणी बोलत नाही. तिथे कोणीतरी बोअर मारला आणि ड्रिलने मुंबईला पाणी नेणाऱ्या त्याच गुंदवली-भांडुप बोगद्याला भोक पाडलं, साडेपाच मीटर व्यासाचा बोगदा तो. दुरुस्तीसाठी 31 मार्च 2023 पासून महिनाभर मुंबईत 15 टक्के पाणीकपात लावली, भर उन्हाळ्यात. रस्त्याखालची लाइन फुटली तर पाणी वर येतं, दिसतं, जेसीबी आणून वेल्डिंग करून एकदोन दिवसात भागतं, शनिवारी शटडाऊन आणि रविवारी कमी दाबाने पाणी हे आपल्या अंगवळणीच पडलंय. बोगद्याचं तसं नाही, आधी तो रिकामा करा, मग शाफ्टमधून, म्हणजे उभ्या विहिरीसारख्या खड्ड्यातून, माणसं उतरवा, मग भोक शोधा.

आता आपल्याकडे बोअर कसे मारतात ते सांगतो. उन्हाळ्यात शेजारच्या बिल्डिंगने पाणाड्या आणला, तो तळहातावर नारळ आडवा ठेवून पार्किंगभर फिरला, कंपाउंडच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला, झालं, म्हणे इथेच मारा. रात्री जेवणं झाल्यावर तामिळनाडू पासिंगची गाडी आली आणि कंप्रेसर सुरू झाला तो असा की आमच्या मांडणीवरची भांडी वाजत होती, राखाडी चिखल सगळा गटारीत सोडलेला. दोनशे फुटाला नुसती ओल, साडेतीनशेला करंगळीएवढं पाणी, आणि गाडीवाला विचारतोय शेठ अजून शंभर मारू का, कारण त्याचा रेट फुटावर. उजाडायच्या आत गाडी गायब. खाली ड्रेनेज आहे का, केबल आहे का, कोणी कोणाला विचारलं नाही, आणि झालेल्या कामाचा कागद म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेले फूट आणि रक्कम, बस.

साडेतीनशे फूट म्हणजे शंभर मीटरच्या वर जातं हो. बोगदा खोल असतो म्हणून सेफ असतो, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा लक्षात घ्यावा.

कायदा नाही असं पण नाही. 2009 चा महाराष्ट्राचा भूजल कायदा आहे, त्यात बोअर मारणाऱ्या मशीनवाल्यांनी नोंदणी करायची असं स्पष्ट आहे, विहिरींच्या नोंदणीचं पण आहे. पण रात्री आलेल्या गाडीला नोंदणी दाखव म्हणणार कोण, सोसायटीला पाणी पाहिजे, गाडीवाल्याला धंदा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बोगद्याचा सर्व्हे करायचा असेल तर त्याच्याआधी शहरातल्या बोअरची मोजणी करा, घरपट्टीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा, बोअर आहे का, किती फूट, कधी मारला. चालू बोअर तर लिहाच पण कोरडे गेलेले, तोंडावर फरशी टाकून विसरलेले जास्त महत्त्वाचे, बोगद्याचं मशीन त्यातल्या एखाद्याला जाऊन भिडलं तर काय करणार? ते कळल्यावर बोगदा कुठून न्यायचा ते ठरवा, आणि बोगद्याच्या वरच्या पट्ट्यातल्या सर्व्हे नंबरांना लेखी कळवा की इथे बोअर बंद. बोगदा नाही झाला, लोखंडी लाइनच राहिली, तरी ही यादी लागणारच आहे.

यावर उत्तर येईल की पाण्याच्या लाइनचा नकाशा सुरक्षेसाठी जाहीर करता येत नाही. नका करू. खोली सांगू नका, व्हॉल्व्ह कुठे ते सांगू नका, फक्त ज्याच्या प्लॉटखालून जाणार आहे त्याला तेवढं कळवा, आणि बोअरची गाडी शहरात शिरताना तिच्याकडे त्या जागेची परवानगी आहे का एवढं नाक्यावर बघा.

- एक वाचक, इंदिरानगर, नाशिक