पुस्तक हिसकावू नका
अकरावीतली माझी भाची सध्या ‘ट्वायलाइट’ वाचते आहे आणि घरात सगळ्यांचा एकच सूर: असली थेरं कशाला! मला हे पटत नाही. 2005 साली आलेल्या या इंग्रजी कादंबरीचा नायक व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिऊन जगणारा, तरी नायिकेसाठी स्वतःला आवरतो. त्या वयात प्रेमाची ओढ असते तशी धास्तीही. इथे दोन्ही एकाच व्यक्तीत भेटतात. मात्र तो रात्री न विचारता तिच्या खोलीत शिरून तिला झोपलेली पाहत बसतो, हे खटकतं. त्यावर मुलींशी मोकळेपणी बोलावं. नारायण धारप, रत्नाकर मतकरी या लेखकांनी मराठी भयकथा गाजवली. पण कुमारवयीनांसाठी अशी मराठी प्रेमकथा मला सोलापुरात शोधूनही मिळाली नाही. लेखक-प्रकाशकांनी मनावर घ्यावं.

– एक वाचक, सोलापूर