आमा अता आयडू यांचा राजीनामा

महोदय,

राजकारणात उतरलेल्या आफ्रिकी साहित्यिकांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. शोयिंका आणि अचेबे यांच्याविषयी त्यात भरभरून आहे. घानाच्या कादंबरीकार, नाटककार आमा अता आयडू यांची मात्र एका ओळीत बोळवण केली आहे : मंत्रिपद झेपले नाही, दीड वर्षात परतल्या. हे वाचून वाईट वाटले, म्हणून लिहिते आहे.

३१ डिसेंबर १९८१ रोजी घानात लष्करी अधिकारी जेरी रॉलिंग्ज यांनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली आणि नव्या वर्षात शिक्षण खाते आयडूंकडे आले. लष्करशहाच्या सरकारात त्यांनी जायलाच नको होते, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण त्या कशासाठी गेल्या, हे तरी सांगायला हवे होते. देशातल्या प्रत्येक मुलाला शिक्षण फुकट मिळावे, एवढाच त्यांचा ध्यास होता. त्यांच्या गावातली पहिली शाळा त्यांच्या वडिलांनी काढलेली. मी स्वतः जन्मभर मुलींच्या शाळेत शिकवले; वही-गणवेशाचे पैसे जमेनात म्हणून हुशार पोर घरी बसते तेव्हा काय वाटते, ते मला ठाऊक आहे.

वेळ मात्र फार वाईट होती. १९८२ मध्ये गावोगाव अडकलेला कोको, म्हणजे देशाचे मुख्य निर्यातीचे पीक, बाहेर काढण्यासाठी विद्यापीठातली मुले वर्ग सोडून पोती वाहत होती. १९८३ मध्ये दुष्काळ पडला, वणवे लागले, आणि त्यातच नायजेरियाने दहा लाखांच्या आसपास घानावासीयांना हाकलून दिले. तिजोरीत खडखडाट. मोफत शिक्षण आपल्या हातून होणार नाही, हे दिसल्यावर आयडूंनी खुर्ची सोडली. मग त्या झिंबाब्वेला गेल्या आणि तिथल्या शिक्षण खात्याच्या अभ्यासक्रम विभागात कामाला लागल्या. कालपर्यंत मंत्री असलेली बाई परक्या देशात शाळेच्या पोरांचा अभ्यासक्रम आखायला बसते, याला ‘झेपले नाही’ म्हणायचे?

त्यांचे ‘अनोवा’ (१९७०) हे नाटक लेखकाने वाचले असते, तर ही ओळ लिहिताना हात अडखळला असता. समुद्रकाठची ती मोठाली घरे कशासाठी बांधली, असे लहानगी अनोवा आजीला विचारते. गुलाम ठेवायला, हे आजीच्या तोंडून निघते खरे. पण पोर आणखी खोदून विचारू लागताच ती घाबरते, चांगली माणसे असल्या गोष्टी विसरतात म्हणते. पुढे अनोवाचा नवरा कोफी आको स्वतःच माणसे विकत घेतो, श्रीमंत होतो. त्या भरल्या वाड्यात अनोवा जुन्याच कपड्यांत, अनवाणी फिरते. नवऱ्याच्या त्या संपत्तीला ती हात लावत नाही. हे लिहिणारी बाई न पाळता येणारे वचन उराशी धरून मंत्र्याच्या मोटारीत कशी फिरली असती?

घानात उच्च माध्यमिक शिक्षण मोफत झाले ते २०१७ मध्ये. आयडूंनी ते पाहिले. ३१ मे २०२३ रोजी त्या गेल्या.

पुढच्या पुरवणीत ती ओळ दुरुस्त करावी, आणि जमल्यास ‘अनोवा’वर कुणा जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज