फरशीखालचं हीटिंग आणि तुझा ७० वर ठेवलेला बॉयलर

अरे सुहास,

मेसेज वाचला तुझा. फरशी कधी पाय ठेववत नाही इतकी गरम, कधी थंडगार, आणि बॉयलर दर दोन मिनिटांनी चालू-बंद. फोनवर बोलायला लागलो की आपली गाडी भलतीकडेच जाते म्हणून लिहूनच पाठवतोय, बॉयलरसमोर उभा राहूनच वाच.

आधी मला सांग, पाणी ७० डिग्रीवर कोणी ठेवलंय? भिंतीवरच्या रेडिएटरला ६०-७० लागतं कारण तो बिचारा लहानसा असतो, तुझ्या फरशीखालच्या पाइपांतून गरम पाणी फिरतं, म्हणजे अख्खी फरशीच रेडिएटर आहे, तिला ३५ ते ४५ चं पाणी पुष्कळ झालं. जिथे आपण वावरतो तिथे फरशी वरून २९ डिग्रीच्या पुढे जाऊ द्यायची नाही असं युरोपातलं स्टँडर्डच आहे, बाथरूमला ३३ पर्यंत चालतं, आणि वर लाकूड असेल तर साधारण २७ ला थांबायचं, नाहीतर लाकूड सुकून फटी पडतात.

आता बॉयलर कुठल्या जातीचा ते बघ. खालून प्लास्टिकचा बारीक पाइप निघून ड्रेनला गेलाय का? मग तो कंडेन्सिंग. याला गार रिटर्नच आवडतं, म्हणजे फरशीतून परत येणारं पाणी; ते साधारण ५५ च्या खाली असलं तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि एरवी चिमणीतून उडून जाणारी उष्णता घरात मिळते, म्हणजे ७० वर चालवून तू कंडेन्सिंग बॉयलरचा फायदाच घालवतोयस. घरात रेडिएटर एकही नसेल तर सरळ ४० वर आण. मॅनिफोल्डवर, म्हणजे जिथून सगळ्या खोल्यांचे पाइप फुटतात तिथे, मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात परतीचं गार पाणी मिसळणारा) असेल तर बॉयलर त्याच्या सेटिंगपेक्षा चार-पाच डिग्री वर ठेव. वरच्या मजल्यावर रेडिएटर असतील तर मात्र बॉयलरला त्यांच्या हिशोबाने चालावं लागतं आणि फरशीपुरतं पाणी तो व्हॉल्व्ह गार करून देतो. आणि बॉयलर जुन्या पद्धतीचा, कंडेन्सिंग नसलेला निघाला तर हे सगळं उलटं, त्याला गार रिटर्न दिलंस तर आतून गंजेल, त्याला गरमच राहू दे.

चालू-बंदचं काय, तर तुझा बॉयलर घराच्या गरजेपेक्षा मोठा आहे. एकाच छोट्या खोलीचा थर्मोस्टॅट उष्णता मागतो, बॉयलर कमीत कमी जेवढा जळू शकतो तेवढंही तिला जास्तच होतं, पाणी पटकन तापतं, तो बंद पडतो, की परत चालू. म्हणून खोल्याखोल्यांचे थर्मोस्टॅट वेगवेगळे खेळवू नकोस, जास्तीत जास्त लूप, म्हणजे फरशीतल्या पाइपांचे वेढे, एकदम उघडे ठेव. मेनूमध्ये हीटिंगची कमाल पॉवर कमी करता येते का तेही मॅन्युअलमध्ये बघ. तेवढंच कर हां, कव्हर उघडून गॅसच्या भागाला हात लावायचा नाही, ते टेक्निशियनचं काम.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे वाट बघणं, आणि तुझा स्वभाव मला माहितीये. उन्हात तापलेली दगडी भिंत सूर्य मावळल्यावरही रात्रीपर्यंत ऊब देत राहते ना, पाइपवरच्या काँक्रीटचं तसंच आहे, आज केलेल्या बदलाचा परिणाम काही तासांनी दिसतो, जाड थर असेल तर दुसऱ्याच दिवशी. तू तासाभरात वैतागून परत वाढवतोस आणि मग सगळी उष्णता एकदम वर येते, भाजतंय ते त्यामुळेच. रात्री पण पूर्ण बंद करू नकोस, खोलीचं तापमान फार तर दोन-तीन डिग्री उतरव. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि ती कागदावर लिहून ठेव.

बाहेरच्या हवेचा सेन्सर असेल तर फारच छान, बाहेर गारठा वाढला की पाणी तो आपोआप गरम करतो. हीटिंग कर्व्ह, म्हणजे बाहेर गारठलं की पाणी किती वाढवायचं तो आकडा, ०.४-०.६ च्या आसपास ठेव, रेडिएटरला १.२ ते १.५ असते, बसवणाऱ्याने ती तशीच सोडलेली असण्याची दाट शक्यता आहे. हे जमलं की थर्मोस्टॅटला हातच लावावा लागत नाही.

मॅनिफोल्डवरच्या काचेच्या नळ्यांत प्रत्येक लूपचा फ्लो दिसतो, सगळे सारखे करायचा मोह होईल, करू नकोस, लांब लूपला जास्त लागतो. जाणारं आणि येणारं पाणी यांत पाच ते दहा डिग्रीचा फरक दिसला की समज बरं चाललंय.

आणि हो, नळाच्या गरम पाण्याचं सेटिंग वेगळं असतं, हीटिंग कमी करायच्या नादात ते उतरवू नकोस, टाकी असेल तर ६० च ठेव, कोमट पाण्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

बॉयलर कंडेन्सिंग असेल आणि घरात रेडिएटर नसतील, तर आज ४० करून सोडून दे. उद्या दोन्ही आकडे, जाणाऱ्या पाण्याचा आणि येणाऱ्या पाण्याचा, कळव, मग कर्व्हचं बघू.

तुझा,
अभय