बाई, तुमच्या चिठ्ठ्यांसाठी

प्रिय बाई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही, या अटीवर तुम्ही जाहीर पत्राला हो म्हणालात, तेव्हा नाव लिहीत नाही. कोकणातल्या एका ‘क’ वर्ग वाचनालयाच्या ग्रंथपाल, एवढंच सांगते. ओळखणारे ओळखतीलच. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिठ्ठ्या डकवणाऱ्या, आणि वाचकांनाही त्यांवर आपला अनुभव लिहायला लावणाऱ्या ग्रंथपाल काही पैशाला पासरी नाहीत.

आम्ही पुण्यातल्या नोकऱ्या सोडून सासऱ्यांच्या जमिनीवर राहायला आलो, तेव्हा साधेपणाने आणि जमेल तितकं आपल्या हातांनी करून जगायचं, एवढंच डोक्यात होतं. सल्ले ढिगाने मिळाले. पुस्तकांच्या याद्याही मिळाल्या. सगळ्यांत तीच नावं आणि तीच वाहवा. तुम्ही यादी दिलीच नाहीत. जमीन किती, पाणी कुठलं, घरात माणसं किती, गुरं आहेत का, असं सगळं विचारून घेतलंत आणि एकच पुस्तक काढून हातात ठेवलंत. आत चिठ्ठी होती: काय वाचायचं आणि काय सोडायचं. या ‘सोडायचं’साठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे.

कारण ही पुस्तकं बहुतेक थंड मुलखातली. जॉन सेमूर यांचा स्वयंपूर्ण जगण्यावरचा १९७६ सालचा जाडजूड ग्रंथ घ्या. चित्रं अशी, की तहानभूक विसरावी. पण माणूस वेल्समध्ये शेती करणारा, त्यामुळे डुकरं, बार्ली, घरची बिअर यांवरच कितीतरी पानं. तुमची चिठ्ठी म्हणते, ‘डुक्कर-बिअर सोडा. खोल खणलेल्या वाफ्यांचं आणि कंपोस्टचं वाचा. मात्र आपल्याकडे पावसात वाफा उंच हवा, नाहीतर मुळं कुजतील.’ चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात हे शेवटचं वाक्य अख्ख्या ग्रंथाला भारी आहे.

पण खरी गंमत मासानोबू फुकुओकांच्या ‘वन-स्ट्रॉ रेव्होल्यूशन’ म्हणजे काडातून क्रांती या पुस्तकात. वाचनालयातली ती प्रत म्हणजे बांधणी उसवलेली, वर तपकिरी कागदाचं कव्हर, आणि चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटून मागचा पुठ्ठा दुप्पट जाड झालेला. फुकुओका जपानच्या शिकोकू बेटावरचे. नांगरट नाही, खुरपणी नाही, रासायनिक खत नाही. भात उभं असतानाच त्यात क्लोव्हर या चाऱ्याच्या झाडाचं आणि हिवाळी धान्याचं बी फेकायचं, आणि भात झोडून झालं की त्याचा पेंढा शेतातच पसरायचा. मूळ जपानी पुस्तक १९७५ चं. वाचताना वाटतं, उद्याच नांगर विकून टाकावा.

त्यावर पहिली चिठ्ठी तुमची: ‘तत्त्वज्ञान सावकाश वाचा. आधी एका पिकाला दुसरं कसं जोडलंय ते बघा.’ खाली निळ्या शाईत कुणीतरी विचारलंय, ‘पेंढा सगळा शेतात पसरला तर गुरांनी काय खायचं?’ त्याखाली दुसऱ्या हाताने उत्तर, ‘अर्धाच पसरला. मोकाट गुरं येऊन तोही खाऊन गेली.’ आणि मग पेन्सिलीने, बारीक अक्षरात, माहेर भंडाऱ्याचं असलेल्या कुणा बाईंचं: ‘यात नवीन काय? आमच्याकडे कापणीच्या आधी उभ्या धानात लाखोळी डाळीचं बी फेकतात. उतेरा म्हणतात त्याला.’

ही पेन्सिलीची ओळ मी किती जणांना वाचून दाखवली असेल! शिकोकूतला शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं प्रयोग करून जिथे पोचला, त्याच्या आसपासचं काहीतरी पूर्व विदर्भातले शेतकरी करतच आले आहेत. आता, ते दोन्ही अगदी एकच आहे असं मी म्हणत नाही. नांगरट न करणं ही फुकुओकांची मुख्य गोष्ट, आणि ती उतेऱ्यात येतेच असं नाही. पण त्या ओळीमुळे मी परकं पुस्तक मिटून शेजारी विचारायला गेले. वाडीतल्या आजी म्हणाल्या, ‘भात कापलंस की ओल आहे तोवर वाल टाक, कुळीथ टाक. ह्यासाठी पुस्तक कशाला?’ टाकले. वालाच्या डाळिंब्यांची उसळ घरच्या नारळात झाली. कुंपणाला मात्र बरेच पैसे गेले, आणि तो खर्च फुकुओकांनी कुठेच धरलेला नाही, हे मी चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

अमेरिकेत तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेल्या थोरोचं ‘वॉल्डन’ तुम्ही मला मुद्दाम उशिरा दिलंत, दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेलं. ‘हिशेबाचं प्रकरण आधी,’ अशी चिठ्ठी. बरोबरच आहे. तळ्याकाठच्या सकाळी सगळ्यांनाच आवडतात, पण झोपडीला लागलेल्या खिळ्यांसकट २८ डॉलर साडेबारा सेंटचा खर्च मांडून दाखवणारा लेखक विरळा. त्याखाली कुणीतरी खवचटपणे लिहिलंय, ‘जागा मित्राची, इमर्सनची, म्हणून परवडलं!’ वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांच्या स्वस्त घरबांधणीच्या पुस्तिकेवर तर तुम्ही सरळ काट मारलीत: ‘रॅट-ट्रॅप बाँडने, म्हणजे विटा उभ्या रचून मधे पोकळी ठेवली की, विटा चतुर्थांश वाचतात, खरं आहे. पण आपल्याकडे जांभ्याचा चिरा आहे.’ आणि पुढे, ‘घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, हे गांधीजींचं म्हणणं बेकरनी आयुष्यभर पाळलं. तेवढं घ्या.’ आमच्या पडवीचा जांभा शेजारच्या गावच्या खाणीतला आहे. गवंड्याचा नंबरही तुमच्याच एका वाचकाकडून आला, तोही तुम्ही त्यांना आधी विचारून मग दिलात.

ही पद्धत कुठून उचललीत, हे तुम्ही एकदाच बोलता बोलता सांगितलंत. श्री. अ. दाभोळकर. मूळचे गणिताचे शिक्षक, पण त्यांच्या प्रयोग परिवारात द्राक्ष बागायतदार एकमेकांना आपापल्या वेलींचे अनुभव सांगायचे, आणि त्या देवाणघेवाणीतून सांगली भागातली द्राक्षशेती पार बदलली. तज्ज्ञाने सांगायचं आणि इतरांनी माना डोलवायच्या, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. तुमच्या चिठ्ठ्यांमध्येही ‘छान पुस्तक आहे’ असं लिहिलेलं चालत नाही. करून बघितलं का, कुठे, किती जागेत, काय झालं, हे लिहा म्हणता. मला वाटतं, साधं जगू पाहणाऱ्यांनी एकमेकांना पुस्तकं सुचवावीत ती अशीच. नुसत्या नावांच्या यादीने माणूस आणखी चार पुस्तकं विकत घेतो, बस.

एका बाबतीत मात्र आपलं जमत नाही. नवख्या माणसाला तुम्ही गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा देत नाही. अर्थशास्त्र आहे, घाबरतील म्हणता. बाई, जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेलं त्यांचं टिकाऊ अर्थव्यवस्थेचं पुस्तक वाघ आणि मधमाशी यांच्या गोष्टी सांगत सुरू होतं. वाघ मारून खातो, मधमाशी गोळा करते आणि पोळ्यातल्या सगळ्यांसाठी साठवते. माणसाने कमवायचं कुणासारखं, हा त्यांचा प्रश्न. आमच्या दहावीतल्या पुतण्यानेही ती पानं वाचली आणि जेवताना सासऱ्यांशी वाद घातला. तेव्हा हे पुस्तक वरच्या कप्प्यातून खाली आणा, ही जाहीर विनंती.

बाकी तुमच्यामुळे काय काय मिळालं त्याचा हिशेब थोरोसारखा मांडता येणार नाही. मनापासून आभार.

फुकुओका सोमवारी सकाळच्या एसटीने पाठवते आहे. चिठ्ठ्यांना जागा उरली नव्हती म्हणून मागे नवा कागद शिवून घेतलाय, डिंक लावला नाही, वाळवी लागते. कुडाळच्या ज्या जोडप्याने मागितलंय त्यांना आधी द्या, त्यांची कापणी तोंडावर आली आहे.

तुमची,
वाडीवरची एक सभासद