तीन दिवसांचा शिधा

रेडिंग, इंग्लंड
दि. ७ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. कराडला तुम्ही पाच-सहा जण मिळून धान्य बँक काढण्याच्या विचारात आहात आणि मी चार वर्षे इथल्या फूड बँकेत काम करतो आहे, म्हणून तिचा कारभार सविस्तर कळव, असे तू लिहिलेस. शेवटी थोडे संकोचून हेही विचारलेस, की इंग्लंडसारख्या श्रीमंत देशात कुणावर फुकट शिधा घेण्याची वेळ का यावी, आणि आठवडाभर नोकरी करून दमलेली माणसे शनिवारची सकाळ तिथे का घालवतात. कालच केंद्रावरून आलो असल्याने सगळे ताजे आहे. म्हणून आज निवांत बसून लिहितो आहे.

‘बँक’ हा शब्द अमेरिकेतून आला. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी अशी पहिली संस्था काढली. दुकानामागच्या कचरापेट्यांतून मुलांसाठी अन्न शोधणाऱ्या एका बाईने, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ठेवावे आणि ज्याला हवे त्याने काढून न्यावे अशी अन्नाची बँक असायला हवी, असे आपल्याला सुचवले, असे ते सांगत. ब्रिटनमधली गोष्ट पुष्कळ अलीकडची आहे. कॅरल आणि पॅडी हेंडरसन या दांपत्याने १९९७ साली ट्रसेल ट्रस्ट स्थापला तो बल्गेरियातील निराधार मुलांसाठी. पण २००० साली त्यांच्याच सॉल्झबरी गावातील एका आईने फोन करून, माझी मुले आज उपाशी झोपणार आहेत त्याचे काय, असे विचारले, आणि पॅडी यांनी घरच्या बागेतील खोपटात डबे साठवायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच देशभर उभ्या राहिलेल्या फूड बँकांच्या जाळ्यातून २०२४-२५ या एका वर्षात सुमारे २९ लाख शिध्याचे संच वाटले गेले आणि त्यांतले दहा लाखांहून अधिक मुलांसाठी होते. २०१०-११ साली हा आकडा साठ हजारांच्या आसपास होता. या वाढीचा अभिमान इथे कुणालाही वाटत नाही. फूड बँकेची गरजच उरू नये, हे त्या संस्थेने स्वतःचे जाहीर उद्दिष्ट ठरवले आहे.

आता कारभाराकडे येतो. सुपरमार्केटच्या दाराशी आमची मोठी पेटी असते आणि लोक आपल्या खरेदीतला एखादा डबा जाताजाता तिच्यात टाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुगीच्या सणाला शाळा आणि चर्च यांच्याकडून इतके येते, की गोदामात पाय ठेवायला जागा राहत नाही. आलेला माल आधी काट्यावर चढतो, कारण किती आले आणि किती गेले याची नोंद किलोत ठेवली जाते. मग प्रत्येक डब्यावर बारीक अक्षरात छापलेली तारीख शोधून ती जाड मार्करने ठळक लिहायची आणि आधी संपणारा माल पुढे, नंतर संपणारा मागे, असे क्रेट लावायचे. काम कंटाळवाणे आहे खरे, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. संचात किमान तीन दिवस पुरेल इतके टिकाऊ अन्न असते: सूप, भाजलेले बीन्स, टोमॅटो, मासे किंवा मांस यांचे डबे, पास्ता किंवा तांदूळ, नाश्त्याचे सीरियल, टिकाऊ दूध, चहा, साखर, बिस्किटे. लागेल त्याला बाळाचे लंगोट, सॅनिटरी पॅड आणि साबणही देतो.

मात्र आमच्याकडे कुणी थेट दारात येऊन पिशवी घेऊन जात नाही. डॉक्टर, शाळा, समाजसेवक किंवा सल्लाकेंद्र यांपैकी कुणीतरी त्या माणसाची अडचण ऐकून घेऊन व्हाउचर देते आणि त्यावर आम्ही शिधा देतो. ही पद्धत मला पहिल्यांदा खटकली. भुकेलेल्या माणसाला आधी चिठ्ठी आणायला लावणे म्हणजे त्याची परीक्षाच की, असे वाटे. पुढे लक्षात आले, की या चिठ्ठीमुळे आम्हाला त्याच्या पगाराची किंवा कर्जाची चौकशी करावी लागत नाही, आणि त्याच्या मूळ अडचणीशी निदान एक जाणकार माणूस जोडला जातो. तरीही ज्याला अशी चिठ्ठी देणाऱ्याचा पत्ताच ठाऊक नाही, तो बाहेर राहतो, हा दोष आहेच. म्हणून चिठ्ठी न मागणाऱ्या स्वतंत्र फूड बँकाही इथे बऱ्याच आहेत आणि अनेक गुरुद्वारांच्या लंगरात तर कुणी काहीच विचारत नाही.

माणसे येतात ती का? नोकरी गेली आणि सरकारी मदतीचा अर्ज केला, तरी पहिला हप्ता हाती पडायला साधारण पाच आठवडे लागतात. तोवर घरभाडे थांबत नाही. नोकरी असलेलेही येतात, कारण भाडे आणि विजेचे बिल भागवल्यावर महिन्याचा शेवटचा आठवडा कोरडा जातो. पुष्कळ गरीब घरांत विजेचे मीटर आधी पैसे भरून चालवायचे असते. मीटरमधले पैसे संपत आले, की तांदूळ असूनही ते शिजवत ठेवणे परवडत नाही. त्यासाठी आमच्याकडे वेगळा संच असतो, ज्यात फक्त किटलीतले उकळते पाणी ओतून खाता येईल असेच पदार्थ असतात. घरची सोय पाहूनच पिशवी भरावी, हे मी एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत वसतिगृहात राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी भरगच्च पिशवी दिली आणि मोठ्या समाधानाने घरी आलो. पुढच्या खेपेस त्यांनी तीन डबे जसेच्या तसे परत आणून टेबलावर ठेवले. डब्यांना ओढून उघडायची कडी नव्हती आणि त्यांच्याकडे डबा फोडायला काही नव्हते. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, की दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील. तेव्हापासून पिशवी भरण्याआधी मी विचारतो: शिजवायची सोय आहे का, काय खाता, काय खात नाही.

हे सगळे ज्या टेबलावर बसून विचारायचे, ते टेबल मला पिशवीपेक्षा महत्त्वाचे वाटते. आलेल्या माणसाला बसवायचे, चहा द्यायचा, आणि आत कुणी पिशवी भरत असताना, हक्काची कोणती मदत तुमच्या पदरात पडायची राहिली आहे, याची हळूच चौकशी करायची. बऱ्याचदा असे काही निघते, की ते मिळाल्यावर त्या माणसाला पुन्हा यावेच लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात एक विद्यार्थी आला. व्हाउचरवरचे आडनाव वाचले आणि मी चमकलो. आडनाव आपल्याकडचे होते. शिकायला आलेल्यांना त्यांच्या व्हिसावर सरकारी मदत मागता येत नाही. हप्ता, भाडे आणि तुटपुंजी अर्धवेळ नोकरी यांचा मेळ बसला नाही, की ती मुले आतल्या आत कुढत राहतात. मराठीत बोलावे असे फार वाटले. पण तो मान खाली घालून बसला होता, आणि आपल्या माणसाने आपल्याला इथे पाहिले हे त्याला अधिक लागेल, असे वाटून मी इंग्रजीतच बोललो. गोमांसाचा डबा काढून त्या जागी डाळ आणि चणे घातले, तांदूळ थोडा जास्त दिला. निघताना दारात थांबून तोच म्हणाला, “येतो, काका.” मी मराठी आहे हे त्याने केव्हा ओळखले, कळले नाही. मी आधी बोलायला हवे होते का, हा प्रश्न अजून मनात आहे.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातच कुठेतरी आहे. आमच्याकडे निवृत्त शिक्षिका आहेत, ज्यांना घरातील एकटेपण सोसत नाही. एक चालक आहे, जो तीन वर्षांपूर्वी स्वतः व्हाउचर घेऊन आला होता आणि आता दर शनिवारी क्रेट उचलतो. काही जण धर्म म्हणून येतात, काही जण सरकारवरच्या रागाने. माझे कारण तुला ठाऊक असलेल्या माणसाशी, माझ्या आईशी, बांधलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात ती माणात खडी फोडायला जात असे. अमेरिकेहून आलेल्या मिलो या लाल ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर त्यांनी ते वर्ष काढले. त्या दिवसांतले ऊन किंवा हाताचे फोड ती फारसे सांगत नसे. सुकडी वाटणाऱ्यांपैकी एक जण प्रत्येकीचे नाव घेऊन, सांडू न देता, ओंजळीत घालायचा; बाकीचे लांबून टाकायचे. पन्नास वर्षांनंतरही तिला तो एकटाच आठवत होता. मी शनिवारी जातो तो त्याच्यासारखे वाढता यावे म्हणून.

तुमच्याकडे एक गोष्ट इथल्याहून बरी आहे, ती म्हणजे रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला पाच किलो धान्य हा हक्क आहे. तेव्हा येणाऱ्याचे रेशनकार्ड आहे का, त्यात सुनेचे आणि नातवंडांचे नाव चढले आहे का, हे आधी पाहा, आणि अर्ज भरून देणारा एक माणूस वाटपाच्या दिवशी कायम बसवा. वाटपाचे फोटो काढू देऊ नका, देणगीदार कितीही मोठा असला तरी. मिंधेपणा तिथूनच सुरू होतो. आमच्या डब्यांना कीड लागत नाही, तुमच्या ज्वारीला लागेल. म्हणून पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवा आणि एकदम जास्त साठा करू नका.

फेब्रुवारीत मी तीन आठवडे येतो आहे. पहिले वाटप त्या सुमारास ठेवता आले तर ठेव. वहिनींना नमस्कार सांग, आणि जागा पाहताना पिशव्यांच्या आधी चार खुर्च्या आणि चहाची शेगडी कुठे बसेल ते पाहा.

तुझा मित्र