मावशी, तू तेव्हा ‘हो’ म्हणालीस

प्रिय मावशी,

येत्या रविवारी धाकट्या भावाच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे आणि तिचा धर्मपिता म्हणून मी उभा राहणार आहे. त्यासाठी तयारीच्या वर्गाला गेलो होतो. फादरांनी विचारलं, “धर्मपित्याचं काम काय?” कुणी म्हणालं, वाढदिवसाला भेट द्यायची. कुणी म्हणालं, सोन्याची चेन करायची. आई-बापाला काही झालं तर मूल धर्मपित्याच्या ताब्यात जातं, असंही एकाला वाटत होतं. तसं ना चर्चच्या कायद्यात आहे, ना देशाच्या. माझी पाळी आली तेव्हा डोळ्यांसमोर तू उभी राहिलीस आणि मला धड काही बोलता आलं नाही. जे राहून गेलं ते इथे लिहितोय. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण बाळाच्या बाप्तिस्म्याला कुणाला विचारायचं या विचारात आज किती तरी घरं असतील.

आमच्या घरात माझ्या बाप्तिस्म्यासाठी तो विचार चालला होता तेव्हा परदेशात नोकरीला असलेले नातेवाईक डोळ्यांसमोर होते. पण आईने धर्ममाता म्हणून तुला विचारलं. तू नात्यातलीही नव्हतीस. आईची मैत्रीण, पहाटेच्या लोकलने वसई रोडहून दादरला फुलं घेऊन जाणारी. आजी जरा नाराज झाली होती म्हणे. पण आईचा हिशेब सरळ होता. धर्ममाता सोळा वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झालेली आणि श्रद्धेला धरून जगणारी हवी, असं चर्च मागतं. पैशांची अट कुठेच नाही. धर्मपिता आणि धर्ममाता दोघंही हवेत असंही नाही, एकजण पुरतो. चर्चच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे तुझं एकटीचंच नाव आहे.

त्या विधीत धर्ममातेला एक प्रश्न विचारतात: या बाळाच्या आई-वडिलांना त्यांचं कर्तव्य पार पाडायला मदत करशील ना? वर्गात तो प्रश्न वाचला आणि मी थबकलो. मदत आई-वडिलांना करायची असते! माझं लक्ष इतकी वर्षं फक्त माझ्याकडे होतं.

माझी बाप्तिस्म्याची मेणबत्ती, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली, तू जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलीस. दरवर्षी बाप्तिस्म्याच्या तारखेला मला बोलवायचीस. वाढदिवस तुझ्या कधी लक्षात राहिला नाही, ही तारीख कधी चुकली नाही. ‘स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना म्हणून होईपर्यंतच ती जळू द्यायचीस, मग दोन बोटांनी वात चिमटायचीस. त्या बोटांना कागड्याच्या कळ्यांचा वास असायचा. “पुरायला हवी ना,” म्हणायचीस, आणि केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी हातावर ठेवायचीस.

मी सतरा वर्षांचा असताना आई गेली. मी मिस्सेला, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जायचं बंद केलं. पप्पा ओरडायचे, मी दार आपटायचो, मग आठवडाभर अबोला. तू दर रविवारी पहिली मिस्सा आटोपून यायचीस आणि ओट्यावर बसायचीस. चहा व्हायचा. आधी पप्पांशी बोलायचीस, भाजीपाल्याचं, पावसाचं. एकदा खिडकीतून ऐकलं, तू त्यांना सांगत होतीस, “त्याला ओढू नका. मी आहे.” विधीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर तू तेव्हाही देतच होतीस.

मला तू एकदाही विचारलं नाहीस, चर्चला का येत नाहीस म्हणून. मीच एकदा तुला अडवून विचारलं, आई आता कुठे असेल? प्रवचन ऐकायची माझी तयारी होती, वाद घालायचीही. तू म्हणालीस, “कसं असतं तिथे, मला नाही सांगता येणार बाळा. मी रोज गाडीत तिच्यासाठी एक जपमाळ करते. वसईला सुरू केली की बोरिवलीच्या आत होते.”

लगेच काही बदललं नाही. दीड वर्ष गेलं. पण दृढीकरणाच्या दिवशी बिशपांनी कपाळावर तेलाने क्रूस काढला तेव्हा माझ्या खांद्यावर तुझा उजवा हात होता. बाप्तिस्म्याला उभं राहिलेल्या माणसानेच दृढीकरणालाही उभं राहावं, हे बरं, असं चर्च सांगतं. मला दुसरं कुणी सुचलंही नव्हतं.

फादरांनी आणखी एक सांगितलं. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यांच्या पुस्तकानुसार, धर्ममाता आणि धर्मपुत्र यांच्यात आध्यात्मिक नातं जुळायचं, इतकं खरं की त्यांचं आपसांत लग्न होऊ शकत नसे. १९८३ च्या संहितेतून ती बंदी गेली. बंदी गेली ते ठीकच, पण त्यामागची समज मला पटते. तुझं-माझं रक्ताचं नातं काहीच नाही, तरी आईमागे मला ‘बाळा’ म्हणणारी तू एकटीच आहेस. मावशी, तुझे आभार मी आजवर एकदाही मानले नव्हते. आज मानतो, मनापासून.

रविवारी साडेनऊला विधी आहे. तुझे गुडघे दुखतात म्हणून रिक्षा सांगितली आहे, नऊला दारात येईल. येताना ट्रंकेतलं ते पुडकं घेऊन ये. पोरीला तिची स्वतःची मेणबत्ती मिळेलच, पण ती कशी जपायची ते तिच्या आईला तूच दाखव.

तुझा धर्मपुत्र